टेकाड

डोक्कुमच्या उत्तरेला, जिथे जमीन समुद्राच्या खाली आहे
आणि मेंढ्या बांधावर चढून पाण्याकडे पाठ करून चरतात,
तिथल्या एकोणीस पंपांची किल्लीदार मी.
किल्ली म्हणजे नुसती एक यादी :
कोण, कुठल्या यंत्रावरून, कुठल्या पंपाशी, किती वेळ.

पूर्वी आमचा एकच बांध होता.
बाहेर सगळे चोर, आत सगळे साव.
एकदा परवलीचा शब्द सांगितला
की ऑफिसातल्या कॉफीयंत्रापासून समुद्राच्या झडपांपर्यंत
फिरा कुठेही, कुणी हटकायचं नाही.
मग एका नाताळात, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या लॅपटॉपमधून,
कुणीतरी आत आलं
आणि तीन दिवस आमच्या घरात चपला घालून हिंडलं.
काही नेलं नाही.
फक्त सात नंबरचा पंप रात्री दोन वाजता
एकदा बंद करून
पुन्हा चालू करून बघितला.

त्यानंतर मी बांध फोडला.
म्हणजे कागदावर. साहेबांना म्हटलं,
बांध नव्हते तेव्हा, हजार वर्षांपूर्वी, इथली माणसं कशी राहायची?
ज्याचं त्याचं टेकाड. शेणामातीचं, हातांनी रचलेलं.
भरती आली, शेजारचं बुडालं, तरी आपलं कोरडं,
दोघांमध्ये नुसतं पाणी.
तसंच करू. दर पंपाला आपलं टेकाड,
आणि भरती कायमचीच आहे असं धरून चालू.

आणखी एक केलं : दिवे मालवले.
यादीत नसलेल्याला आता पंप दिसतच नाही.
दार नाही, कडी नाही, आतून "कोण आहे?" नाही.
ठोठवायचं ते अंधारावरच, ठरलेल्या ठोक्यात;
ठोका जुळला
तर तेवढ्यापुरतं, तुझ्यापुरतं
दार उगवतं.

हिल्के एकेचाळीस वर्षं सात नंबरवर.
पाण्याच्या वासावरून उद्याचा वारा सांगणारा.
जानेवारीच्या वादळात त्यानं घरी टॅबलेट उघडला
आणि समोर काहीच नाही.
फोनवर त्याचा आवाज, मागे खिडकी थडथडतेय :
"रिक्स्ट, पंप गेला."
पंप जागेवर होता.
टॅबलेट दोन महिने ताजा करायचा राहिला होता,
आणि यंत्र शिळं तर माणूस अनोळखी,
हा नियम माझ्याच हातचा.
"मला ओळखत नाहीस?"
ओळखते. तुझ्या मुलीच्या लग्नात नाचलेय मी.
पण हल्ली हिल्केच्या आवाजात कुणालाही बोलता येतं,
हे त्याला कसं सांगायचं,
भर वादळात, त्याच्याच आवाजाला?

मी अपवाद केला नाही.
नऊ मिनिटं टॅबलेट ताजा होत राहिला.
नऊ मिनिटांत पाणी चार बोटं चढलं,
योहानेसच्या बटाट्यांच्या कोठारात शिरलं.
मग ठोका, मग दार,
मग सात नंबर घुमला.

चार दिवसांनी तो ऑफिसात आला. टोपी टेबलावर ठेवली.
रागावलेला नव्हता, तेच जड गेलं.
"नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं.
पण नाही म्हणायलासुद्धा कुणीतरी असावं लागतं गं.
तिथं कुणी नव्हतंच."
याला माझ्याकडे उत्तर आहे, बारा पानी, आकृत्यांसकट.
दिलं नाही.

एप्रिलअखेर तो निवृत्त झाला. केक झाला, भाषण लांबलं.
पाच वाजता मी यादीतली एक ओळ पुसली.

त्याच्या स्वयंपाकघरातून सात नंबर दिसतो :
लाल विटा, छपरावरचा दिवा;
वारा तिकडून असला की घुमणंही ऐकू येतं.
टॅबलेटवर मात्र त्या जागी नुसता काळोख.
रोज सकाळी कॉफी ओतता ओतता
तो एकदा ठोठावून बघतो.
माझ्याकडे नोंद उमटते :
सहा दहा. अनोळखी यंत्र. दुर्लक्षित.

बाकीच्या नोंदी महिन्याला पुसायचा नियम आहे.